'को' दारात, उणे घरात

आमच्या घरात दोन माणसांनी बारावीचं गणित केलेलं आहे. एक ते गेली कित्येक वर्षं शिकवतेय. दुसऱ्याने ते दोनदा केलं, कारण पहिल्या खेपेला जमलं नाही. हा दुसरा म्हणजे मी. पहिली माझी बायको. तिला अख्खी शाळा 'बाई' म्हणते आणि आता मीही म्हणतो, कारण घरातही तिचं बोलणं तोंडी परीक्षेसारखंच असतं. "गॅस बंद केलात? नक्की? कशावरून?" हे 'कशावरून' मी लग्नापासून ऐकतोय. दूध उतू गेलं म्हटलं तरी कशावरून.

माझं चष्म्याचं दुकान आहे, तिच्या शाळेच्या मागच्या रस्त्याला. लांबट खोली, पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मागे डोळे तपासायची उंच खुर्ची आणि तिच्यासमोर भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. शाळा सुटली की बाई इथे येते. तेव्हा गिऱ्हाईक फारसं नसतं. ती उंच खुर्चीत बसते, मांडीवर पुठ्ठा घेते आणि पेपर तपासते. माझ्या दुकानातला दिवा चांगला आहे असं तिचं म्हणणं. दिव्याच्या मालकाबद्दल ती असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. मी पुढे बसून चष्म्यांचे स्क्रू आवळत असतो आणि मागून लाल पेनचा आवाज येत असतो. बरोबरची खूण लांब वाजते, फुली दोनदा वाजते. वर्गाचा निकाल मला मुख्याध्यापकांच्या आधी कळतो.

बाईचं म्हणणं असं की बारावीचं गणित मुलांना मारत नाही, अधिक-उण्याच्या खुणा मारतात. सगळं बरोबर करतात आणि शेवटच्या ओळीत उणे विसरतात. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. त्या वर्षी मुलांना साइन, टॅन्जंट, सिकंट हे तिघं आणि त्यांची भावंडं को-साइन, को-टॅन्जंट, को-सिकंट अशी एक टोळी भेटते. आधी या सगळ्यांचं विकलन करायचं, ज्याला वर्गात डेरिव्हेटिव्ह म्हणतात. मग पुढे कधीतरी संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, म्हणजे गेलेल्या वाटेने उलटं परत येणं. कुणाच्या उत्तरात उणे येतं आणि कुणाच्या नाही, यातच पोरं गारद होतात. मीही इथेच गारद झालो होतो.

बाई स्वतः बारावीत होती तेव्हा हे मोठमोठ्याने घोकायची, आणि माझ्या सासूबाई शेजारी बसून मटार सोलायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. एक दिवस वैतागून म्हणाल्या, "अगं, ज्याच्या नावात आधी को लागतो त्याचंच तू उणे म्हणतेस. 'को' दारात, उणे घरात. एवढ्यासाठी माझं डोकं का उठवतेस?"

तेव्हापासून ती म्हण झाली. बाईच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ती पाठ. दुकानात चष्मा घ्यायला येणारी मोठी मोठी माणसं, पोटं सुटलेली, केस गेलेले, मला बघून अजून म्हणतात, "काका, 'को' दारात!" आणि मी म्हणतो, "उणे घरात!" आणि मग घासाघीस करतात. सासूबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा एक फोटो आहे आणि ही म्हण आहे. फोटोपेक्षा म्हणीतच त्या जास्त आहेत.

पण म्हणीत एक खोट आहे. ती जातानाच्या वाटेवरच चालते. संकलनात, म्हणजे परत येताना, ती कधी खरी ठरते, कधी दगा देते. को-टॅन्जंटच्या बाबतीत हमखास दगा. म्हणून संकलनाच्या पहिल्या दिवशी बाई दरवर्षी एक सोहळा करायची. शेवटच्या बाकावरच्या कुणाला तरी उठवून वर्गाचं दार उघडायला लावायचं, मग सगळ्या वर्गाने एका सुरात ओरडायचं, "को, चालता हो!" आणि दार धाडकन लावायचं. शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर दरवर्षी तक्रार करायचे. मुलांना मात्र तो दिवस जन्मभर लक्षात राहायचा आणि को-टॅन्जंटला उणे लावायची त्यांची हिंमत व्हायची नाही.

मी सांगतोय त्या वर्षी नेमका संकलनाच्या आठवड्यात बाईचा घसा बसला. आवाज म्हणून निघेना. घरी मला जरा बरं वाटलं हे कबूल करतो. तिने रजा घेतली नाही. रजा हा शब्द तिच्या पुस्तकात नाही. सगळं फळ्यावर लिहून शिकवलं. अक्षर तिचं मोत्यासारखं, मुलांनी उतरवून घेतलं. सूत्रं लिहिली, उदाहरणं लिहिली. पण दार उघडून ओरडणं काही फळ्यावर लिहिता येत नाही. आवाज परत आला तोवर धडा पुढे सरकला होता आणि तो सोहळा राहूनच गेला. कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

आता भिंगरीबद्दल सांगतो. हे तिचं नाव नव्हे, पण शाळेपासून बाजारापर्यंत सगळे तिला भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. चष्म्याच्या नंबरासाठी माझ्याकडे आली तेव्हा खुर्चीत बसण्याआधी तिने खुर्ची ते तक्ता हे अंतर पावलांनी मोजलं आणि मला सांगितलं की ते कमी भरतंय. "तुमचे नंबर चुकत असतील काका." मी म्हणालो, "उचलली जीभ लावली टाळ्याला! तुझी पावलं मोठी आहेत." ती गेल्यावर गुपचूप टेप लावून पाहिली. अंतर बरोबर होतं, पावलंच मोठी होती. तिला जमिनीची मोजणी करणारी व्हायचं होतं. रस्त्यात कुठे मोजणीवाले तीन पायांवर दुर्बीण लावून उभे दिसले की ही शाळा विसरून तिथे उभी. त्या कोर्सला बारावीचं गणित लागतं, गणिताशिवाय दारातही उभं करत नाहीत. आई बॅगांच्या चेनी दुरुस्त करून देते. बाप नाही.

वर्गात ती बडबडी. बाईच्या प्रश्नाला हात वर न करता उत्तर द्यायची, कधी बरोबर, कधी चूक, पण सगळ्यांत आधी. तिच्या पुढच्या बाकावर तिची मैत्रीण बसायची, मौनी. तीही नावाने वेगळीच, पण बोलायचीच नाही म्हणून मौनी. पहिला नंबर तिचा ठरलेला. या दोघींची मैत्री कशी टिकली देव जाणे. एक बोलायची आणि एक ऐकायची, म्हणूनच टिकली असेल. आमचंही तसंच आहे.

सहामाहीच्या पेपरात एक प्रश्न होता, चारांतला कुठलाही एक सोडवा. त्यातलं एक उदाहरण बाईने मुद्दाम कठीण घातलं होतं. वर्गाने ते सोडून दिलं. फक्त दोघींनी सोडवलं. मी पुढे बसून एका आजोबांच्या चष्म्याची काडी सरळ करत होतो, आणि मागे लाल पेन मध्येच थांबलं.

"अहो," बाई म्हणाली, "इकडे या जरा."

तिने दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. एक मौनीचा, एक भिंगरीचा. मला आकडे काय कळणार, पण तिने बोट ठेवून दाखवलं. पहिल्या ओळीपासून दोघींचं बरोबर होतं. शेवटच्या ओळीत जिथे अधिक यायला हवं तिथे दोघींनी उणे लिहिलं होतं.

"मग? दोघी चुकल्या," मी म्हणालो.

"बरोबर उत्तर एकच असतं. चुका हजार असतात. हजारांतली नेमकी एकच चूक दोघींनाच कशी सापडली? आणि त्यासुद्धा एकामागे एक बसलेल्या!"

मला ते पटलं. मी काही वकील नाही. कुणी कुणाचं पाहिलं असेल हे ठरवायलाही फार डोकं लागलं नाही. मौनी पहिल्या नंबरची, आणि भिंगरी भिंगरी. शिवाय मागचा पुढच्याचं बघतो, पुढच्याला पाठीला डोळे नसतात. डोळ्यांचं शास्त्र माझं, म्हणून हा शेवटचा मुद्दा मीच सुचवला.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आली ती तणतणतच. पर्स खुर्चीवर आपटली.

"काय झालं?"

"काय व्हायचंय! दोघींना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. मौनी रडायलाच लागली. भिंगरीला विचारलं, हे उणे कुठून आलं? काय म्हणाली माहितीये? माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, 'बाई, को दारात, उणे घरात.' माझीच म्हण! माझ्या आईची! सगळ्या शिक्षकांसमोर माझ्या तोंडावर फेकली. भूगोलाचे सर हसले."

"मग तू?"

"मी म्हटलं, एक शब्द बोलू नकोस. पुन्हा तोंड उघडलं, तोच सूर, 'अहो बाई, पण को...' मी म्हटलं, बाहेर हो."

शाळेचा नियम होता, नक्कल केली तर त्या पेपरला शून्य आणि पालकांना बोलावणं. मौनीला समज देऊन सोडलं. भिंगरीची आई आली, मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली, सही करून गेली. त्यानंतर भिंगरीने गणित सोडायचा अर्ज दिला. महिनाअखेरीपर्यंत विषय बदलता येत होता. मुख्याध्यापकांनी बाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिची इच्छा." घरी आल्यावर मात्र दोनदा म्हणाली, "एवढं मनाला लावून घ्यायचं काय त्यात? पुन्हा अभ्यास करायचा." मी म्हणालो, "तूच बाहेर हो म्हणालीस ना?" त्यावर माझ्याशी संध्याकाळभर अबोला. त्या वर्षातला दुसरा अबोला, आणि या खेपेला घसा ठणठणीत होता.

हे सगळं ज्या वर्षी घडलं त्याच वर्षी, याच्या आधीच, तर्कशास्त्राचा धडा झाला होता. तो धडा बाईचा सर्वांत आवडता. जर अमुक, तर तमुक. आणि मग उलटं करून बघायचं: तमुक आहे म्हणून अमुक असेलच का? त्याला व्यत्यास म्हणतात, आणि तो खरा असेलच असं नाही. त्यासाठी ती दरवर्षी माझ्या दुकानातलं उदाहरण द्यायची. "नजर कमी झाली तर माणूस डोळे बारीक करतो. पण डोळे बारीक केले म्हणजे नजर कमी झाली असं म्हणता येईल का? नाही. ऊन असेल. किंवा समोर नवरा असेल." वर्ग हसायचा. मग ती गंभीर होऊन सांगायची, "विधान खरं म्हणून व्यत्यास खरा मानणं ही जगातली सगळ्यांत जुनी चूक आहे. गणितात मार्क जातात. बाहेर माणसं जातात." हे वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आठवडाभर असायचं.

आणि मग तो दिवस आला. भर दुपारी, शाळा चालू असताना, बाई दुकानाच्या दारात उभी. माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं, एक तरुणी फ्रेमा लावून आरशात बघत होती. बायको सरळ मागे गेली आणि उंच खुर्चीत बसली. पुठ्ठा नाही, पेपर नाही. हात मांडीवर. मी त्या गिऱ्हाइकाला पहिलीच फ्रेम छान दिसते असं सांगून वाटेला लावलं. ती फ्रेम तिला मुळीच छान दिसत नव्हती.

"बरं नाही का?"

"उजळणी घेत होते," बाई म्हणाली. "संकलनाची. एकेक विचारत होते, वर्ग एका सुरात सांगत होता. को-टॅन्जंट विचारलं. अख्खा वर्ग ओरडला, 'उणे लॉग साइन!' मी म्हटलं, काय? पुन्हा सांगा. पुन्हा उणे. मी विचारलं, कशावरून?"

तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"अख्खा वर्ग म्हणाला, 'बाई, को दारात, उणे घरात.'"

मला लगेच कळलं नाही. मी बुद्दू आहे. ती म्हणाली, "दार उघडलंच नाही ना मी या वर्षी. माझा आवाज गेला होता. को आतच राहिला. सगळ्यांच्या डोक्यात. पेपरातल्या त्या उदाहरणात शेवटी को-टॅन्जंटच होता; बाकीच्यांनी ते सोडवलं असतं ना, तर सगळ्यांनी तीच चूक केली असती. या दोघींनी सोडवायची हिंमत केली एवढंच. भिंगरी मला टोमणा मारत नव्हती हो. मी विचारलं उणे कुठून आलं, ती खरं उत्तर देत होती. दोनदा देत होती."

मी पाण्याचा पेला दिला. तिने तो धरला, प्यायली नाही.

"नक्कल केली तर चुका सारख्या येतात," ती म्हणाली. "चुका सारख्या आल्या म्हणून नक्कल. व्यत्यास केला मी. फळ्यावर लिहिते, आणि केला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. देवाने बुद्धी दिली आणि मी ते गिळलं. उलट मी माझा दुकानदारी सल्ला दिला. म्हटलं, "चूक झाली ना, शून्य खोड, मार्क दे, मुलीला बोलावून घे, प्रकरण मिटव. कुठे बोभाटा करायचा नाही."

"मी तिला चोर म्हटलं ते काय खोलीत बंद करून म्हटलं होतं?"

मुख्याध्यापकांनीही तिला माझ्याच शब्दांत सांगितलं, मला त्यात शहाण्यांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, "बाई, मार्क वाढवू आपण. पण वर्गासमोर कशाला? उद्या कुणीही उठून म्हणेल, बाई चुकल्या होत्या." बाई म्हणाली, "चुकले तर म्हणावंच." आणि थेट भिंगरीच्या घरी निघाली. मला म्हणाली, तुम्ही चला. मी कशाला हवा होतो ते मला कळलं नाही, पण तिने असं कधी म्हटलेलं नव्हतं, म्हणून शटर ओढलं.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली होती. दारातच शिवणाचं मशीन, त्याभोवती बॅगा, सुटकेसा, दप्तरं, तोंडं वासून पडलेली. भिंगरी जमिनीवर बसून एका पिशवीच्या चेनीचा रनर पकडीने दाबत होती. आम्हाला बघून उठली. आईने मशीन थांबवलं आणि दोन स्टुलांवरच्या बॅगा खाली काढल्या.

बाई बसली नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. मी तिला वर्गात बोलताना कधी ऐकलेलं नाही, पण असं नक्कीच बोलत नसणार. वाक्यं अर्धवट, मध्येच मागे जाऊन पुन्हा सुरुवात. दार, घसा, म्हण. शेवटी म्हणाली, "तिने नक्कल केली नव्हती. तिने मी शिकवलेलं लिहिलं होतं. चूक माझी होती आणि शिक्षा तिला झाली."

आईने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी तिला मारलं बाई. कधी हात लावला नव्हता. ती सांगत होती, आई, मी नाही केलं. मी म्हटलं, बाई खोटं कशाला बोलतील?"

बाईने तोंडावर हात ठेवला. मी सुटकेसांकडे बघायला लागलो. एका सुटकेसची पुढची चेन माझ्या समोर होती, ती मी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मला तिथून पळून जायचं होतं. मागच्याचा आणि पुढच्याचा तो डोळ्यांचा मुद्दा माझाच होता, आणि तो इथे कुणाला ठाऊक नव्हता.

"तू मला सांगायचा प्रयत्न करत होतीस," बाई भिंगरीला म्हणाली. "मी ऐकलं नाही."

"हो," भिंगरी म्हणाली.

"पुन्हा एकदा का नाही आलीस सांगायला? मी शांत झाल्यावर?"

भिंगरीने पकड खाली ठेवली. "तुम्ही 'कशावरून' विचारलं असतंत. माझ्याकडे ती म्हण तेवढीच होती."

बाई म्हणाली, अर्ज मागे घे. भिंगरी आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "घे. जमीन काय पावलांनीच मोजणार आहेस जन्मभर?" तेव्हा ती जरा हसली. तिचं ते शेवटचं हसू, म्हणजे आमच्यासमोरचं. निघताना बाईने तिच्या आईचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. मलाच म्हणावं लागलं, "चल."

दुसऱ्या दिवशी बाईने वर्गासमोर सगळं सांगितलं. शून्य गेलं, मार्क आले, मौनीचेही वाढले. मग बाईने भिंगरीला विचारलं, "दार उघडशील?" सोहळा राहिला होता ना. भिंगरी उठली, दार उघडलं. वर्ग ओरडला, "को, चालता हो!" भूगोलाचे सर धावत आले. भिंगरी दाराशी उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. सगळ्यांचं ओरडून झाल्यावर तिने दार हळूच, आवाज न करता लावलं आणि जागेवर जाऊन बसली.

मला वाटलं आता झालं. चूक सापडली, कबूल केली, दुरुस्त केली. गणितात याहून जास्त काही मागत नाहीत. पण बाईच्या घशाखाली घास उतरेना. आतापर्यंत जेवढ्या मुलांना तिने नक्कल करताना पकडलं होतं ते सगळे एकेक करून तिला आठवायला लागले. भाजी चिरता चिरता थांबायची. "अहो, तो लांब केसांचा होता ना, अभ्यास सोडून ट्रक चालवायला लागला तो. त्याचं काय होतं? त्याच्याही चुका सारख्याच होत्या." मी म्हणायचो, "त्याने केली असेल नक्कल." ती म्हणायची, "कशावरून?" आणि मला पहिल्यांदा त्या शब्दाची भीती वाटायला लागली. म्हण तिने सोडून दिली. पुढच्या वर्गाला शिकवणार नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं, आईची आठवण आहे. म्हणाली, "आईने मला एकटीला सांगितली होती. मी सगळ्यांना वाटली."

भिंगरी नियमाने येत होती. मागे बसायची. बाई विचारायची तेव्हा हात वर करायची, नाव घेतल्यावरच बोलायची, बरोबर तेवढंच बोलायची. बाई सांगायची, "सुधारली हो. किती शांत झाली." आणि असं सांगताना तिचा चेहरा कुणाचं वाईट वर्तमान सांगावं तसा व्हायचा.

मग अंतिम परीक्षेच्या आधीची सराव परीक्षा झाली. दुपारची वेळ होती. बाई उंच खुर्चीत बसून पेपर तपासत होती आणि मी काचा पुसत होतो. पेनचा आवाज येत होता, बरोबर, बरोबर, फुली, बरोबर. मग आवाज थांबला. मला आता त्या थांबण्याचीच धास्ती बसली आहे. मी उठून मागे गेलो.

भिंगरीचा पेपर होता. अक्षर बारीक, सरळ. तिने प्रत्येक ओळ लिहिली होती आणि प्रत्येक ओळीच्या पुढे, समासाला लागून, आणखी काहीतरी लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाकलो. एका ओळीपुढे 'सूत्र, पुस्तकातलं'. एकापुढे 'बाईंनी फळ्यावर दिलं'. आणि बाकी सगळ्या ओळींपुढे, खालपर्यंत, पानामागून पान, तेच तीन शब्द: 'हे मी केलं'.

परीक्षेत असं लिहायला कुणी सांगत नाही. त्याला मार्क नसतात. साक्षीला उभं राहिल्यासारखी ती पोर प्रत्येक पायरीची जबानी देत गेली होती, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं कुठून आलं, तर उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असावं. तिला वेळ पुरला नव्हता. शेवटचं उदाहरण अर्धवट राहिलं होतं, आणि अर्धवट राहिलेल्या ओळीपुढेही ते तीन शब्द होते.

"सगळं बरोबर आहे?" मी विचारलं.

बाईने मान हलवली. सगळं बरोबर होतं. तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "हे मी केलं." मग खालच्या ओळीवर, "हे मी केलं." तिचं बोट पानाच्या शेवटापर्यंत गेलं, पान संपलं, आणि बोट पुठ्ठ्यावरून घसरून मांडीवर आलं. तरी ती म्हणाली, "हे मी केलं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आता पेपर वाचत नव्हती.